रोग्याने इस्पितळापासून काय मागावे?

अरामाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला, तेव्हा उपचाराचे चित्र त्याने आधीच मनात रेखून ठेवले होते. संदेष्टा स्वतः बाहेर येईल, देवाचे नाव घेईल व रोगाच्या जागी हात फिरवील, असे त्यास वाटले. निरोप आला तो इतकाच की, यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान रागावून परत फिरला. चाकरांनी समजूत घातली नसती, तर तो कुष्ठ घेऊनच घरी गेला असता.

असे नामान आमच्या खेड्यांत आजही भेटतात. चकलांब्याच्या बाजूचा रोगी गेवराईस किंवा बीडास जातो तो बहुधा उशिरा, कर्ज काढून, आणि पुष्कळदा ऊसतोडीस निघण्याचा दिवस तोंडावर आला असता. म्हणून वर्षाचे दुखणे दोन दिवसांत जावे, अशी त्याची इच्छा असते. सुई टोचली नाही तर "औषधच दिले नाही" अशी तक्रार. बाटली लावली की समाधान. पण अर्ध्या लिटरच्या त्या सलाईनच्या बाटलीत असते काय? पाणी, आणि सुमारे साडेचार ग्रॅम मीठ! जुलाबांनी सुकलेल्या व पोटात पाणी न ठरणाऱ्या रोग्यास ती जीवदान होय. केवळ थकलेल्यास ती काही नवे बळ देत नाही. क्षयाचे नेहमीचे औषध सहा महिने घ्यावे लागते. खोकला थांबताच ते सोडणारा मनुष्य यार्देनेत दोनदाच बुडी मारून वर येतो.

तर मग सर्व दोष रोग्याचाच काय? असे म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली; त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पिशवी काढली की दुखणे कायमचे संपेल व कामाचा खाडा पडणार नाही, अशी आशा कित्येकींनी धरली होती. आशा फोल होती खरी. पण ती त्यांच्या मनात रुजली कशी? खाड्याच्या दंडाने आणि कर्करोगाच्या भीतीने. गरजवंताच्या अज्ञानावर जो आपला लाभ साधतो, त्याचा दोष त्या अज्ञानाहून मोठा आहे.

म्हणून मागणे दोन प्रकारचे आहे, हे ओळखावे. रोगाविषयी खरे सांगणे, खर्च आधी कळविणे, स्वच्छता आणि ममतेचा शब्द, हे मागण्याचा दरिद्र्यातल्या दरिद्र्यासही हक्क आहे. परंतु बरे होण्याची हमी कोणीही मनुष्य देऊ शकत नाही. पौलाने त्रफिमास मिलेतात आजारीच ठेविले, व त्याच्या स्वतःच्या शरीरातील काटाही निघाला नाही. विश्वास म्हणजे देवास मुदत घालणे नव्हे. डॉक्टरास देव म्हणणारे लोकच रोगी दगावला असता त्याच्यावर हात उगारतात. याकरिता महाराष्ट्रास २०१० साली कायदा करावा लागला. मनुष्यास देव करणे हे पाप तर आहेच, शिवाय त्या मनुष्यावरही तो अन्याय आहे.

आता मंडळीचे कर्तव्य काय? नामानाच्या चाकरांचे. जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० सालापासून हेच काम उभारले. अक्षरओळख नसलेल्या बायकाही तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांस आरोग्याचे ज्ञान देऊ लागल्या. आपल्यातील कोणी इस्पितळात जाईल तेव्हा एका समंजस बंधूने किंवा भगिनीने सोबत जावे. रोग कोणता, उपचार किती दिवसांचा, आणि तो न केल्यास काय होईल, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावे व उत्तर रोग्यास समजावून सांगावे. मागे राहिलेल्यांनी त्याची गुरे व मुले सांभाळावी. घरची काळजी मिटली, म्हणजे त्यास सातही बुड्या मारण्याचा धीर येईल.