पाहायचं, पण कुणाच्या अटींवर?

रवांडाला जाणारे प्रवासी मुख्यतः दोन गोष्टींसाठी जातात: विरुंगा पर्वतरांगेतले डोंगरी गोरिला आणि 1994 च्या नरसंहाराची स्मारकं. देश महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, त्यामुळे एकाच सहलीत दोन्ही होतं. पुण्याचं एक जोडपं हे दोन्ही पाहून मुसान्झे गावी मुक्कामाला होतं. दुसऱ्या दिवशी बाट्वा लोकांच्या वस्तीवर त्यांचा नाच पाहायला जायचं की नाही, हे रात्रीपर्यंत वाटाड्याला कळवायचं होतं. त्यावरून निघालेलं हे बोलणं.

तो: उद्याचं रद्द करूया का? मला आजचंच अजून पचलेलं नाही.

ती: आजचं? अरे, तो पाठीवर रुपेरी केस असलेला नर बांबू सोलत बसला होता, तेव्हा तू श्वास घ्यायचाही विसरला होतास.

तो: श्वासाचंच म्हणतोय. तोंडाला मास्क, दहा मीटरचं अंतर, एका कळपाला दिवसातून आठच माणसं, तीही तासभर. हे सगळं कशासाठी? आपल्याला झालेली साधी सर्दी गोरिलाच्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकते म्हणून. ज्याच्यावर इतका जीव जडतो, त्याच्या वाटेला न जाणं हेच खरं प्रेम नाही का? डायन फॉसीने 1967 मध्ये याच डोंगरांत आपलं गोरिला-संशोधन केंद्र उभारलं, 1985 मध्ये तिथेच तिचा खून झाला. पर्यटनाला तिचा कडवा विरोध होता.

ती: गोरिलाकडून पाहिलं तर तिचं बरोबर होतं. पण डोंगराच्या पायथ्याकडून पाहा. आज बटाट्याचे वाफे थेट जंगलाच्या दगडी बांधाला भिडलेले पाहिलेस ना? 1960 च्या दशकाअखेरीस या राष्ट्रीय उद्यानाचा मोठा तुकडा पायरेथ्रमच्या लागवडीसाठी तोडून दिला. कीटकनाशकात वापरतात ती फुलं. पुढे आणखी एक तुकडा गुरांच्या चराईला द्यायचं घाटत होतं. तेव्हा बिल वेबर आणि एमी वेडर हे संशोधक नवरा-बायको 1979 मध्ये सरकारला पटवायला गेले की जिवंत गोरिला गुरांपेक्षा जास्त उत्पन्न देईल. त्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. 2015-16 च्या गणतीत 604 भरले. माणसं पाहायला आली म्हणून जंगल राहिलं.

तो: म्हणजे गोरिलानेसुद्धा जगायचं तर कमवून दाखवायचं? मला हेच झोंबतं. 2020 मध्ये कोरोना आला आणि हे पर्यटन बंद पडलं. उद्या लोकांची हौस दुसरीकडे वळली, तर त्याचा जगण्याचा हक्क संपला?

ती: हक्क संपत नाही. पण त्या हक्काची किंमत कुणीतरी मोजतंच. आपण मोजली नाही तर तो बटाटेवाला मोजतो, त्याच्या वाट्याच्या जमिनीने. माणशी दीड हजार डॉलरचा परवाना, म्हणजे सव्वा लाखाच्या वर गेलं. त्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी राखलेला आहे. तो पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. पण जंगल राखण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकायचा आणि आपण पुण्यात बसून प्राण्यांवर प्रेम करायचं, हे मला जास्त खोटं वाटतं.

तो: मग पैसे घरबसल्या पाठवावेत. यायचं कशाला?

ती: पाठवले असतेस?

तो: खरं सांगायचं तर नाही. पण यातून माझा स्वभाव कळतो, न्याय ठरत नाही. बरं, गोरिलाचं सोड. न्यामाटाच्या नरसंहार-स्मारकाचं काय? तिथे तर आपण कुणाला जगवायला गेलो नव्हतो.

ती: न्यामाटा माझ्याही डोक्यातून जात नाही. चर्चच्या बाकांवर रचलेले मेलेल्यांचे कपडे, मातीचाच रंग आलेले. पत्र्याच्या छपराला पडलेली भोकं, त्यातून आत येणारं ऊन.

तो: आणि ती ओळखपत्रं. बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या कार्डावर हुतू की तुत्सी ते लिहून ठेवलं, आणि 1994 मध्ये रस्त्यारस्त्यावर तेच कार्ड पाहून माणसं मारली. हे वाचून ठाऊक होतंच. तरी आपण तिथे गेलो, आणि दोन दिवसांनी त्याच गाडीतून गोरिला पाहायला आलो. दुसऱ्याचं मरण हे सहलीतलं एक ठिकाण झालं. ही हौस नाही तर काय?

ती: ते कपडे तिथे कुणी ठेवले? ज्यांची माणसं गेली त्यांच्या देशाने. झाकून टाकणं सोपं होतं. पण असं काही घडलंच नाही म्हणणारे आजही आहेत, म्हणून त्यांनी ते उघडं ठेवलं. तिथे पाहणाऱ्याला त्यांनी साक्षीदार म्हणून बोलावलंय.

तो: साक्षीदार आणि बघ्या यांचे डोळे तर सारखेच असतात. फरक कुठे पडतो?

ती: अटी कुणी घातल्या, तिथे पडतो. न्यामाटाला आत फोटो काढायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही, काय सांगायचं ते तिथली बाई ठरवणार. जंगलातही तेच. तास भरला तसं राखणदाराने आपल्याला मागे घेतलं, अजून दोन मिनिटं म्हणून कितीही गयावया केली तरी. ताडोबात वाघ दिसल्यावर जिप्सींचा गराडा पडून त्याची वाट अडलेली आपण पाहिली आहे. तिथे कागदावर नियम असतात आणि गाडीत पाहणाऱ्याची मर्जी चालते. इथे दोन्हीकडे पाहणाऱ्याला लगाम होता. मला तो हवासा वाटला.

तो: मग हीच कसोटी उद्याला लाव. बाट्वा याच जंगलात शिकार करून, मध-कंदमुळं गोळा करून राहायचे. गोरिला वाचवायचे म्हणून त्यांना बाहेर काढलं. म्हणजे तुझ्या त्या किमतीत त्यांचं घरही गेलं, आणि आता ते आपल्यापुढे जंगलातला नाच करून दाखवणार. मेळघाटातल्या कोरकूंची गावं उठवली, आणि उद्या त्यांनाच रिसॉर्टवर नाचायला बोलावलं, तर तू जाशील?

ती: (थांबून) नाही जाणार.

तो: पण नाही गेलो तर त्यांचा उद्याचा रोज बुडेल. तासाभरापूर्वी तूच म्हणालीस, किंमत मोजल्याशिवाय प्रेम खोटं.

ती: हो, आणि ते मी मागे घेत नाही. पण गोरिलाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने नियम करावे लागतात. बाट्वाला तोंड आहे. ज्याला विचारता येतं त्याला न विचारता पाहणं, हा त्याचा दुसऱ्यांदा झालेला अपमान. वाटाड्याला विचारूया: पैसे कुणाच्या हातात पडतात? काय दाखवायचं ते कोण ठरवतं? आणि त्यांना उद्या नाचायचं नसेल, तर नाही म्हणता येतं का?

तो: त्याला उत्तर माहीत नसेल तर?

ती: तर नाचाला जायचं नाही. बाट्वा पिढ्यान् पिढ्या मडकी घडवतात. ती घेऊया, सांगतील त्या भावाने. त्यासाठी कुणी आपल्यापुढे नाचायची गरज नाही.

तो: म्हणजे पैसे द्यायचे आणि पाहायचं नाही. मघाशी मी हेच म्हणत होतो.

ती: म्हणत होतास. गोरिलाच्या बाबतीत तुझं मला अजूनही पटत नाही. इथे पटतं.

दोघांचं एकमत इथवरच झालं, आणि तेवढं पुरेसं आहे. परदेशी सहलीचं तिकीट आपल्याला तिथवर पोहोचवतं. समोरच्याकडे पाहण्याचा अधिकार त्या तिकिटात येत नाही. तो अधिकार समोरचा देतो, आणि त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या बाजूने केलेला कडक नियम देतो. तेव्हा पुढची सहल ठरवताना हॉटेलच्या दरांसोबत तिने वाटाड्यासाठी काढलेले तीन प्रश्नही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर कार्यक्रमातला तेवढा भाग खुशाल गाळा.