कुत्र्याला उत्तर कोण देतं?

२००२ साली न्यूयॉर्कमध्ये 'स्टार वॉर्स'च्या नव्या चित्रपटासाठी रांग लागली होती. डार्थ व्हेडरचा काळा पोशाख चढवून आलेल्या एका चाहत्यासमोर एक रबरी कुत्रा येतो. गळ्यात बो-टाय, तोंडात सिगार. चाहत्याच्या छातीवरची बटणं तो न्याहाळतो आणि विचारतो, घरी न्यायला आईबाबांना बोलवायचं बटण यातलं कुठलं?

हा ट्रायम्फ. १९९७मध्ये कोनान ओब्रायनच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा दिसला. जात डोंगरी शिकारी कुत्र्याची, मूळ म्हणे युगोस्लाव्हियाचं, बोलण्यात पूर्व युरोपी हेल. आत हात आणि आवाज लेखक रॉबर्ट स्मायगलचा.

कुत्रा बोलतो यात विनोद फारसा नाही. आपल्याकडे पैठणला रेड्याने वेद म्हटल्याची कथा पोरंटोरंही सांगतात. पण तो रेडा पंडितांचीच विद्या बोलून पंडितांना खाली बघायला लावतो, पंचतंत्रातली जनावरंही नीती शिकवतात. ट्रायम्फकडे शिकवायला काहीच नाही. कुणाची स्तुती करायची आणि शेवटी, या सगळ्यावर मी हगणार, असं जाहीर करायचं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. खरी गंमत आहे ती त्याला उत्तर देणाऱ्या माणसांत. शेजारी हात घालून उभा असलेला स्मायगल सगळ्यांना दिसतो, तरी लोक नजर भिडवतात ती कुत्र्याच्या काचेरी डोळ्यांना. समोर माइक आणि कॅमेरा आला की बोलायचं, ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की विचारणारा कोण, हा प्रश्नच पडत नाही. मुलाखत नावाच्या प्रकाराची याहून चांगली चिरफाड मी तरी पाहिलेली नाही.

न बोलणाराही फसतोच. २००२च्याच एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात रॅपर एमिनेमने चिडून कुत्र्याला ढकललं. दुसऱ्यांना शिव्या घालून नाव कमावलेला माणूस बाहुलीवर संतापला, हे चित्र कुठल्याही विनोदापेक्षा भारी होतं. त्यालाही ते उमगलं असावं. पुढे 'एन्कोर' अल्बममधल्या एका गाण्यात त्याने ट्रायम्फचाच हेल उचलला.

पण कुणाचीही थट्टा करायची ही सवलत सरसकट नाही. २००४मध्ये हा कुत्रा क्युबेकमध्ये फिरला आणि तिथल्या फ्रेंच भाषकांना त्यांच्या भाषेवरून टोमणे मारू लागला. कॅनडाच्या संसदेत निषेध झाला, कारण कोनानच्या त्या आठवड्याच्या कार्यक्रमांना सरकारी पैसा मिळाला होता. मला तो निषेध पटतो. हौसेने वेश करून रांगेत उभा राहिलेला माणूस स्वतःच्या वेडाची थट्टा झेलायला अर्धा तयार असतो. इंग्रजीच्या समुद्रात आपली भाषा टिकवणाऱ्याने मात्र हा खेळ निवडलेला नसतो. तिथे जनावराचं कातडं गळून पडतं आणि उरतो तो बलिष्ठ भाषेतला एक पाहुणा.

२०१५मध्ये ट्रायम्फला अ‍ॅडल्ट स्विम वाहिनीवर नट जॅक मॅकब्रेयरबरोबर स्वतःची मालिका मिळाली. जुन्या कौटुंबिक मालिकेतला कुत्रा आणि त्याचा आता मोठा झालेला मालक, अशी तिची कल्पना. कागदावर ही त्या मुलाखतींपेक्षा जास्त विक्षिप्त. पण एकाच हंगामात आटोपली. माझ्या मते तिथे संहितेतल्या पात्रांना कुत्र्याशी बोलायचेच पैसे मिळत होते. बोलू की नको, ही घालमेल कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि तीच तर त्याची शिकार.

२०२२च्या जूनमध्ये स्टीफन कोल्बेअरच्या कार्यक्रमासाठी हा कुत्रा वॉशिंग्टनला गेला. काही खासदारांनी त्याला रीतसर मुलाखती दिल्या. त्यानंतर खासदारांच्या कार्यालयांच्या इमारतीत पोलिसांनी स्मायगल आणि त्याच्या सहकाऱ्यांना बेकायदा प्रवेशाच्या आरोपावरून अटक केली. महिनाभरात सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचं ठरवलं. कुत्र्याला मुलाखती देणाऱ्या खासदारांना जाब विचारण्याचा प्रश्न अर्थातच नव्हता.