गहाण रानाचे पीक कोणाचे?

शंका : शिरवळनजीक नीरेकाठी आमचे दोन एकर रान आहे. मुलीच्या लग्नासाठी ते एका मुसलमान बांधवाकडे कब्जेगहाण ठेवून रक्कम घेतली. व्याज ठरलेले नाही. परंतु रान तेच कसतात, ऊस तेच नेतात आणि मुद्दल जसेच्या तसे आहे. ‘आपण राजीखुशीने कब्जा दिलात, मग हे हराम कसे?’ असे ते विचारतात.
— एक वाचक, शिरवळ

समाधान : गहाण निषिद्ध नाही. कुरआनाच्या दुसऱ्या सूरेतील 283व्या आयतीत तारण ताब्यात देण्याची मुभा आहे. आणि खुद्द पैगंबरसाहेबांनी मदीनेतील एका यहुदी गृहस्थाकडून उधार धान्य घेऊन आपले लोखंडी चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले होते, हे हजरत आयेशा यांच्या कथनावरून हदीसग्रंथांत नमूद आहे. तथापि, गहाण वस्तू धनकोच्या हाती असते ती केवळ कर्जफेडीची हमी म्हणून. मालकी ऋणकोचीच राहते, आणि जमीन ज्याची, उत्पन्नही त्याचेच.

आता राजीखुशीविषयी. ज्या बापाच्या दारी मांडव पडावयाचा आहे, त्याची राजीखुशी ती कितपत राजीखुशी? देशावरील मुसलमान बहुतांशी ज्या हनफी मजहबाचे आहेत, त्यातील दमास्कसचे थोर फकीह इब्न आबिदीन (मृत्यू 1836) यांनी हे मर्म अचूक हेरले : लाभाची अपेक्षा नसती तर धनकोने कर्जच दिले नसते, सबब, रूढीने जे गृहीत आहे ते अटीने ठरविल्यासारखेच मानावे, आणि अशा लाभाची गणना रिबात, म्हणजे व्याजातच करावी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने व्याजाऐवजी उत्पन्न घेण्यास मोकळीक दिली आहे हे खरे. परंतु कोर्टात जे टिकते ते अल्लाहच्या दरबारी टिकेलच, अशी भ्रांती आपल्या धनकोंनी बाळगू नये.

गहाण जनावराच्या दाणावैरणीचा खर्च करणाऱ्याने त्याचे दूध घ्यावे, असे एका हदीशीत आहे. हंबली पंथाने ते खर्चाच्या प्रमाणापुरतेच ग्राह्य धरले. हनफींच्या मते वैरण मालकाची आणि दूधही मालकाचेच. म्हशीच्या चरवीभर दुधाची जिथे इतकी चिकित्सा, तिथे उसाचे अख्खे पीक गिळंकृत करणे कसे क्षम्य ठरावे?

उभयतांनी दोन पंचांसमक्ष बसावे, कारखान्याच्या उसाच्या पावत्या पुढे ठेवाव्यात, बेणे, खत, पाणीपट्टी व मजुरी वजा घालावी आणि उरलेली रक्कम सालोसाल मुद्दलात वळती करावी. धनकोस रान कसावयाचेच असेल, तर गहाण मोडून चालू दराने खंडाचा स्वतंत्र करार करावा; कर्जाच्या भिडेखातर खंड कमी धरल्यास दोष पुन्हा तोच. हिशेबाअंती मुद्दल फिटल्याचे दिसले, तर कब्जा त्याच दिवशी परत करणे धनकोवर बंधनकारक आहे, आणि जास्त वसूल झालेली रक्कम आपल्याला मिळाली पाहिजे.