दृष्टीआड सृष्टी

पालीत राहणाऱ्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. बल्लाळेश्वराचे दर्शन झाले की पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडे चहाला येतात आणि चहाआधी हळूच विचारतात, "जरा... कुठं आहे हो?" गेले तीन आठवडे आमचे उत्तर ठरलेले होते, "आहे. पण पाणी बेतानं टाका."

कळ दाबली की आमचा फ्लश नवख्या वक्त्यासारखा घसा खाकरायचा, दोन शब्द बोलायचा आणि खाली बसायचा. मी पडलो बँकेतला कारकून, चूक सापडेपर्यंत खाते मिटवत नाही. टाकीचे झाकण काढले. बॉलकॉकचा फुगा खाली उतरल्यामुळे टाकी अर्धीच भरत होती. दांडी वाकवून फुगा वर घेतला. भांड्याच्या कडेखालची भोके क्षाराने बुजली होती, ती तारेने टोकरली. वक्ता तरीही दोन शब्दांवरच! शेवटी बादलीभर पाणी एकदम ओतले. खरी परीक्षा हीच. पाणी झरकन गेले तर दोष टाकीचा, तुंबले तर पुढचा. ते तुंबले आणि वर येऊन माझ्याकडे बघू लागले.

पुढे म्हणजे सेप्टिक टँक. त्यावर कुंड्या मांडून आम्ही तिला केव्हाच विसरलो होतो.

मैला उपसणारी गाडी चार दिवसांनी येणार होती, पैसेही बरेच सांगितले. तेवढ्यात एक गृहस्थ दारात आले. "गाडी कशाला साहेब? मी आत उतरून काढतो. निम्म्यात."

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. माणूस आपण होऊन आला, भाव त्यानेच सांगितला. दोन्ही बाजूंच्या सह्या असल्यावर आम्ही बँकेतही फारसे विचारत नाही. मग आठवले, की टाकीतला विषारी वायू आधी नाक बधिर करतो आणि मग माणूस पाडतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, हेही आठवले. त्याच्याही आधी 'कोण बघतंय?' हे आठवले होते, तेवढे मात्र कुणाला सांगू नका.

मी उतरलो असतो का? दहापट पैसे दिले तरी नाही. मग जे काम मी कुठल्याच भावात करणार नाही, ते दुसऱ्याकडून निम्म्या भावात घ्यायचे, हा कुठला हिशेब? तो राजी होता म्हणावे, तर 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनही राजी होते. त्यांनी संडास-सफाईचे काम मागून घेतले, वरच्या जातीचे म्हणून नाकारले गेले, तेव्हा उपास आरंभला. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. पण अप्पासाहेबांना ते काम न करण्याचीही मोकळीक होती. दारातल्या माणसाला ती कुणी दिली होती?

मी मोठ्या तत्त्वनिष्ठ आवाजात म्हणालो, "नको बाबा, जिवाला धोका आहे."

"ते खरं साहेब. पण माझा आजचा रोज बुडाला ना!"

याचे उत्तर कायद्यात नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. मागच्या परसातले गवत काढायला सांगितले. तासाभरात गवत संपले, मी पूर्ण दिवसाची मजुरी दिली. ती त्याने मोजून घेतली आणि जाताना टाकीकडे एकदा बघितले. गाडी येईल तेव्हा आणखी कुठले गवत शोधू, ते मला समजत नाही.

आमचे चार दिवस शेजाऱ्यांच्या कृपेवर चालले आहेत. रविवारी ठाण्याहून आत्याची माणसे दर्शनाला येणार आहेत. हिने फोनवर स्वच्छ सांगून टाकले, "चहा घरीच घ्या हो, बाकीचं मात्र वाटेतच आटपून या!"