मिलिंदाचा रथ आणि टेकमधला ॲरे

मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्यात रथावरून वाद रंगला. चाके म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याने मान्य केले की हे भाग जुळले की ‘रथ’ हे नाव व्यवहारापुरते चालते. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे कधीच पटले नाही. अवयवांहून निराळा ‘अवयवी’ खरोखर असतो, असे ते सांगतात. न्यायसूत्रांतला त्यांचा एक पुरावा फार रोखठोक आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये अक्षरजुळणीसाठी आणलेल्या टेक या प्रणालीत हा वाद आजही जिवंत सापडतो.

ॲरे म्हणजे क्रमांकाने हाती येणाऱ्या मूल्यांची एकसंध रांग. टेकमध्ये ती नाहीच. मूळ टेकमध्ये आकड्यांसाठी ० ते २५५ एवढीच रजिस्टरे आणि त्यांच्या जोडीला मॅक्रो, म्हणजे मजकुराला दिलेली नावे. म्हणून प्रोग्रामर सीएसनेम या आज्ञेने ‘गुण-१’, ‘गुण-२’ अशी नावे जागच्या जागी घडवतो. नावे हॅश टेबलात असल्याने हजारावे मूल्यही पहिल्याइतकेच चटकन सापडते. तीच मूल्ये एका मॅक्रोत ओळीने लिहिली, तर शेवटच्यापर्यंत पोचायला आधीची सगळी ओलांडावी लागतात. वेग साधला, पण ॲरे कुठे आहे? ‘गुण-७’ आणि ‘गुण-८’ यांचे काही नाते आहे, हे टेकला ठाऊक नसते. एकूण किती, हे ते सांगू शकत नाही. एक धरून बाकीची ओढता येत नाहीत.

इथे नागसेनच जिंकतो.

एवढेच नाही, नसलेले नाव सीएसनेमने उच्चारले की टेक ते तिथल्या तिथे निर्माण करते आणि त्याला रिलॅक्सचा, म्हणजे काहीही न करण्याचा, अर्थ देते. ‘हे आहे का?’ असे विचारण्यानेच ते अस्तित्वात येते! नाव न घडवता ते आहे का हे तपासण्याची सोय पुढे ई-टेक या टेकच्या विस्तारातल्या इफसीएसनेमने दिली.

नैयायिकांची बाजू मात्र फाँटच्या पोटात लपली होती. प्रत्येक फाँटला तिरकेपणा, शब्दांमधली जागा अशा मापांसाठी क्रमांकित घरे असतात. त्यांना फाँटडायमेन म्हणतात. फाँट नुकताच चढवलेला असेल तर ही घरे वाढवता येतात. टेकवर उभारलेल्या लेटेक-३च्या इंटॲरेने, म्हणजे पूर्णांकांच्या ॲरेने, नेमके हेच हेरले. ज्याची अक्षरे कधी छापायचीच नाहीत असा फाँट चढवायचा आणि त्याच्या घरांत पूर्णांक भरायचे. घरे सलग असतात, त्यामुळे क्रमांक दिला की मूल्य थेट मिळते. तो एक फाँट हाती धरला की सगळी घरे हाती येतात. न्यायसूत्रांच्या कसोटीला हा ॲरे उतरतो.

म्हणून अवयवी असतो की नसतो, हा प्रश्न सरसकट विचारणेच चूक आहे. तीच हजार मूल्ये एका रचनेत नुसता नावांचा मेळ असतात, दुसरीत एक वस्तू. त्या वस्तूची किंमतही मोजावी लागते: चढवलेला फाँट टेकला उतरवता येत नाही, आणि ती जागा काम संपेपर्यंत अडकून राहते.