भरपाई कोणाच्या खिशातून?

सायकलस्वारांना विमा सक्तीचा करा, ही मागणी बहुतेक वेळा मोटारीच्या काचेआडून येते आणि तिच्यात राग जास्त असतो. आम्ही भरतो, मग त्यांनी का भरू नये? या रागाला उत्तर देणे सोपे आहे. स्वारासह नव्वद किलोची सायकल ताशी २० किलोमीटरने जाते, बाराशे किलोची मोटार ५०ने. मोटारीच्या धडकेतली ऊर्जा ८०पटींहून अधिक भरते. मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याच संहारक ताकदीमुळे.

पण राग बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. सायकलच्या धक्क्याने पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजींनी शस्त्रक्रियेचा खर्च कोणाकडे मागायचा?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर वाईट आहे. त्याच आजींना स्कूटरने उडवले असते तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार उघडे होते. स्कूटरवाला पळून गेला असता, तरी २०२२च्या योजनेनुसार गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, त्यामुळे हे दोन्ही मार्ग बंद. राहतो दिवाणी दावा. त्याची वर्षे आजींनी कुठून आणायची? आणि निकाल लागला तरी समोरचा पहाटे दूध टाकणारा पोरगा असेल, तर वसुली कशाची करणार?

स्वित्झर्लंडने हा प्रश्न सक्तीने सोडवून पाहिला. तिथे अनेक दशके प्रत्येक सायकलला दायित्व विमा लागे. अलीकडच्या काळात त्याची खूण म्हणजे दरवर्षी सायकलवर चिकटवायचा छोटा स्टिकर. काही फ्रँकात मिळणारा. आपल्या नगरपालिकाही एकेकाळी सायकलवर कर घेऊन धातूचा बिल्ला देत. पण ती नुसती कर भरल्याची पावती होती, जखमी माणसाला त्यातून एक पैसा मिळत नसे. स्विस स्टिकरमागे खरी भरपाई उभी होती. तरीही २०१२पासून त्यांनी ती सक्ती उठवली. सुमारे नव्वद टक्के लोकांकडे वैयक्तिक दायित्व विमा आधीच होता, आणि तो सायकलच्या धडकेलाही लागू पडे. उरलेल्यांसाठी राष्ट्रीय हमी निधी ठेवला: धडक देणारा सापडला नाही किंवा बिनविम्याचा निघाला, तर जखमीला तिथून पैसे मिळतात. मला या निर्णयातले शहाणपण मोठे वाटते. विमा सायकलला न चिकटवता माणसाला जोडला, आणि जखमीला वाऱ्यावर सोडले नाही.

सक्ती नको म्हणणाऱ्यांनी लंडनचा एक खटलाही डोळ्यांसमोर ठेवावा. २०१५मध्ये मोबाइलकडे पाहत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला सायकल धडकली. २०१९मध्ये न्यायालयाने दोघांनाही सारखेच जबाबदार धरले. सायकलस्वाराने द्यायची भरपाई ४,१६१ पौंडांच्या आसपास होती; खरे संकट होते ते विरुद्ध बाजूच्या वकिली खर्चाचे. त्याच्याकडे विमा नव्हता. अनोळखी लोकांनी वर्गणी काढून त्याला सावरले. तिथल्या 'सायकलिंग यूके' या संस्थेच्या सभासदत्वातच १ कोटी पौंडांपर्यंतचे थर्ड पार्टी संरक्षण मिळते, म्हणजे सोय होती.

आपल्याकडे सक्ती आणली तर पहिला बळी जाईल तो याच दूध टाकणाऱ्या पोराचा, शाळेत जाणाऱ्या मुलींचा, बांधकामावर निघालेल्या गवंड्याचा. चौकात पोलिसाच्या हाती आणखी एक पावतीपुस्तक येईल, एवढेच. गरिबाला परवडणारे शेवटचे वाहन महाग करणे हा अन्याय आहे, आणि मी त्याच्या ठाम विरोधात आहे.

मात्र जिथे सायकलवर धंदा चालतो तिथे माझे मत उलट आहे. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या ई-सायकलींना आज कायद्याने नोंदणी लागत नाही, विमाही लागत नाही. अशा सायकलींवरून घरपोच माल पोचवून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी पादचाऱ्यांच्या भरपाईचा विमा उतरवलाच पाहिजे, आणि त्याचा हप्ता पोरांच्या कमाईतून कापता कामा नये.

सरकारने अज्ञात वाहनाच्या धडकेसाठी असलेली योजना सायकलच्या धडकेलाही लागू करावी. आणि दर रविवारी शंभर-शंभर किलोमीटर मारणाऱ्या आपल्या सायकल क्लबांनी कायद्याची वाट पाहू नये. हजारोंची सायकल घेणाऱ्याला गट विम्यातला आपला वाटा जड नाही. पुढच्या वार्षिक वर्गणीतच तो धरा.