उद्यानाची सुधारणा कशाला म्हणावे?

महापालिका उद्यानाचे सुशोभीकरण हाती घेते, तेव्हा कामांची यादी बहुधा ठरलेली असते: रंगीत कारंजे, सेल्फी पॉइंट, प्रवेशद्वारावर कमान, नवी फरशी. या सगळ्यांचे उद्घाटन करता येते. झाडांना रोज पाणी घालण्याचे किंवा स्वच्छतागृह धुण्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून ती कामे मागे पडतात. नागरिकांना उद्यान वापरता येते ते मात्र याच कामांमुळे.

दादरचे शिवाजी पार्क पाहा. मुंबई महापालिकेने ते १९२५मध्ये लोकांसाठी खुले केले. १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानात दिखाऊ असे फार थोडे आहे. त्याच्या मोठेपणाचे श्रेय मी कट्ट्याला देईन. मैदानाची हद्द आखणारा हा बुटका कट्टा माणसांना अडवत नाही, बसवून घेतो. निवृत्त मंडळी, कॉलेजातली मुले, कामावरून परतणारे कामगार, कुणालाच तिथे तिकीट लागत नाही की काही विकत घ्यावे लागत नाही. रमाकांत आचरेकरांच्या नेटमध्ये सचिन तेंडुलकर घडला तो याच मैदानावर. मोकळ्या जागेचे काय करायचे, हे तिथे लोकच ठरवतात.

याच मैदानाने दुसरा धडाही दिला. तिथे लाल माती टाकली गेली आणि कोरड्या दिवसांत ती उडून भोवतालच्या घरांत शिरू लागली. रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत राहिले. मग पाणी शिंपडणे आले, त्यासाठी विहिरी आल्या, गवत लावण्याचे प्रयत्न झाले. माती, वारा आणि पाणी यांचा आधी विचार न करता केलेली सुधारणा अशी पुढे निस्तरावी लागते.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पुण्यातली अनेक सार्वजनिक उद्याने दुपारी बंद असतात. दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळीक मिळालेल्या बाईला, डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाला, घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाला सावली हवी असते ती नेमकी तेव्हाच. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही. सुरक्षारक्षकांची एक जादा पाळी पुरते.

म्हणून आपल्या प्रभागातल्या उद्यानासाठी निधी मंजूर झाल्याचे कळले, की नगरसेवकांना तीन प्रश्न विचारा: देखभालीसाठी दरवर्षी किती पैसे ठेवले आहेत? स्वच्छतागृह कोण धुणार? आणि दुपारी दार उघडे राहणार का? यांची उत्तरे मिळेपर्यंत कारंजे थांबू शकते.